काजूच्या दिवसांतला ताप

काजूचा हंगाम आला, की डिचोलीतल्या आमच्या डोंगरावर बोंडू गोळा करायला घरची सगळी माणसे जातात. गोचीड चावून होणारा माकडतापही याच दिवसांतला. २०१५ साली तो सत्तरीत आला, २०१६ साली शेजारच्या दोडामार्गात. आई तेव्हाही बागेत जातच होती. न जाऊन कसे भागणार?

हा विषाणू १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात सापडला. तिकडे देत असलेली जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याने २०२२ साली थांबवली. नवीन लशीचे काम हाती घेतले आहे. कोणती लस आधी करायची हे ठरवताना रुग्ण किती एवढेच पाहिले, तर आमचा क्रमांक शेवटचा. पण रानात गेल्याशिवाय ज्यांची चूल पेटत नाही, त्यांनी काय करावे, हेही पाहायला हवे.

तोवर विद्यार्थी मित्रांनो, मेलेले माकड दिसल्यास जवळ जाऊ नका. आरोग्य केंद्राला कळवा.