ओतेल बिरों

पॅरिसमधील वारेन रस्त्यावर ७७ क्रमांकाची एक जुनी वास्तू आहे. तिचे नाव ‘ओतेल बिरों’. या नावाने मी प्रथम फसलो होतो. तुम्ही फसू नका. धनिकांच्या शहरातील वाड्याला फ्रेंच भाषेत ‘ओतेल’ म्हणत. उतारूंशी त्याचा संबंध नाही. शिल्पकार ओग्युस्त रोदँ याची शिल्पे पाहण्यासाठी लोक आज तेथे जातात. मीही त्यासाठीच गेलो होतो; परतलो तो मात्र वास्तूचाच विचार करीत.

हा वाडा बांधविला तो कोणा उमरावाने नव्हे, तर केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्याच्या मुलाने. पेरेंक द मोरास या गृहस्थाने सट्ट्यात अमाप पैसा मिळविला आणि वास्तुविशारद झां ओबेर याच्याकडून १७३० च्या सुमारास हे घर उभे करविले. घर बांधून पाहावे, असे आपल्याकडे म्हणतात. याने बांधले खरे, परंतु १७३२ मध्येच तो वारला. पुढे एक सरदारपत्नी तेथे भाड्याने राहिली. १७५३ मध्ये सेनापती बिरों याने वाडा विकत घेतला आणि त्याचेच नाव कायम राहिले. त्याला बागेचा मोठा शौक होता. राज्यक्रांतीत त्याच्या घराण्यातील वारसाचा शिरच्छेद झाला. त्यानंतर पोपचा प्रतिनिधी, मग रशियाचा राजदूत, असे रहिवासी येत-जात राहिले.

१८२० मध्ये जोगिणींच्या एका संघाने येथे मुलींची निवासी शाळा काढली. ऐषाराम नको म्हणून त्यांनी भिंतींवरील कोरीव लाकूडकाम आणि आरसे काढून विकले. हे प्रथम समजले तेव्हा मला त्यांचा राग आला. अठराव्या शतकातील इतकी नाजूक कारागिरी, आणि तिचा असा बाजार! पण मी पडलो शिक्षक. त्या उघड्या भिंतींकडे पाहता पाहता मनात आले, वर्गात बसलेल्या मुलीला सोनेरी वेलबुट्टीचा काय उपयोग? त्या मुली खानदानी घरांतील होत्या, गरिबांच्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा ही शाळा येथे तब्बल ८४ वर्षे चालली. मोरासला येथे दोन वर्षेही धड मिळाली नाहीत, बिरोंला पस्तीस मिळाली. मग या घरावर नाव कोणाचे असावे, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

१९०४ मध्ये धर्मसंघांना शिकविण्याची बंदी करणारा कायदा झाला आणि शाळा उठली. वाडा विकला जाईपर्यंत खोल्या स्वस्त भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. बागेत रान माजले होते. भाडेकरूंमध्ये चित्रकार मातिस होता, नर्तिका इझाडोरा डंकन होती आणि क्लारा वेस्टहॉफ ही शिल्पकार होती. क्लाराचा पती कवी रिल्के याने १९०८ मध्ये रोदँला हे घर दाखविले. रोदँने तळमजल्यावरील खोल्या घेतल्या. १९११ मध्ये सरकारने वाडा खरेदी केला आणि भाडेकरूंवर निघून जाण्याची पाळी आली. रोदँ हटला नाही. आपली सर्व शिल्पे, रेखाटने आणि संग्रह राष्ट्राला देतो, त्यांचे संग्रहालय येथेच करा, असा प्रस्ताव त्याने मांडला. भाडेकरूने घरमालकाशी केलेला इतका विलक्षण सौदा माझ्या तरी ऐकिवात नाही. १९१६ मध्ये संसदेने तो मान्य केला. १९१७ च्या नोव्हेंबरात रोदँ वारला. संग्रहालय उघडले १९१९ मध्ये.

विकल्या गेलेल्या लाकूडकामापैकी काही भाग पुढे शोधून परत आणण्यात आला. ते बसविलेले दालन सुंदर आहे, यात शंका नाही. शाळेची खूण म्हणून मला मात्र एकच वास्तू आढळली : जोगिणींनी एकोणिसाव्या शतकात बांधलेले प्रार्थनामंदिर. आता तेथे तात्पुरती प्रदर्शने भरतात. मुलींची बाके कोणत्या बाजूला असतील, याचा अंदाज बांधीत मी तेथे बराच वेळ उभा होतो. शेवटी पहारेकरी जवळ आला आणि त्याने घड्याळाकडे बोट दाखविले.