मोटारीचे गुडघे

मनुष्यदेहांतील कोणता अवयव आधीं थकावा आणि कोणता मागाहून, याविषयीं निसर्गानें कांहीं एक क्रम ठरविलेला आहे, अशी आमची समजूत होती. केस पिकतात, वाचतांना पुस्तक हळूहळू लांब धरावें लागतें, आणि मग केव्हां तरी जिना चढतांना गुडघे बोलूं लागतात. हें सर्व यथाकाल झालें म्हणजे मनुष्य कुरकुरतो, पण दाद मागावयास जात नाहीं. परंतु ऐन पंचविशींतला मुलगा जिन्यावर मध्येंच थांबून गुडघा चोळूं लागला, तर घरांतलीं माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात. आमच्या मोटारीनें आम्हांस असें एकमेकांकडे पाहावयास लावलें.

ही मोटार २०१९ सालच्या दसऱ्यास आमच्या साताऱ्याच्या घरीं आली. झेंडूची माळ, चाकाखालीं लिंबू, पेढे, सर्व यथासांग झालें. मागें ऐसपैस डिकी, आंत पांच माणसांस पुरेल इतकी जागा, अशा ज्या जातीला हल्लीं सर्वत्र सेडान म्हणतात, त्या जातीची ती आहे. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्याच कारखान्याची शेजाऱ्यांची गाडी आजवर सुखानें धांवत आहे, आणि शेजाऱ्यांच्या सुखांत बिब्बा घालण्याची आम्हांस हौस नाहीं. पुढें टाळेबंदीमुळें आमची गाडी बरेच महिने दारांतच उभी होती. २०२२ च्या पावसाळ्यांत तिच्या मीटरवर ३१,००० किलोमीटरचा आंकडा दिसूं लागला, आणि त्याच सुमारास पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक्’ असा आवाज येऊं लागला.

आवाजाचें मूळ शोधण्याच्या कामीं कुटुंबांतील प्रत्येकानें आपापल्या स्वभावानुसार हातभार लावला. पत्नींनीं दाराच्या खणांतील पाण्याची बाटली काढून टाकली. चिरंजिवांनीं डिकींतला जॅक जुन्या चादरींत गुंडाळून ठेविला. आम्हीं रेडिओ मोठा केला. या तिन्हींत आमचाच उपाय गुणकारी ठरला, परंतु तो आमच्यापुरताच. मागच्या आसनावर बसणाऱ्या आमच्या मातोश्रींना त्याचा कांहीं उपयोग नव्हता. कारण तो आवाज त्यांना कानांनीं ऐकूं येत नसून पाठीच्या कण्यांतून कळत असे.

२०२१ सालीं मातोश्री न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या कंबरेचा एक मणका दबला. त्या वेळीं त्यांचें वय ७९ होतें. हाडें ठिसूळ झालेलीं. तेव्हांपासून दर दोन महिन्यांनीं त्यांना पुण्यास डॉक्टरांकडे न्यावें लागतें. डॉक्टरांनीं पहिल्याच भेटींत तीन गोष्टी बजावून सांगितल्या: पुन्हां पडतां कामा नये, वजन उचलतां कामा नये, आणि धक्का बसतां कामा नये. पैकीं पहिल्या दोहोंची काळजी घरांत घेतां येते. तिसरी गोष्ट मात्र साताऱ्यापासून पुण्यापर्यंतचे सुमारें ११० किलोमीटर, त्यांवरील खड्डे, आणि मोटारीच्या पोटाखालचे मुठींत मावतील एवढे रबराचे दोन-चार तुकडे यांच्या स्वाधीन होती. पैकीं तुकड्यांची आम्हांस तोंवर ओळखही नव्हती.

ती ओळख कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रांत झाली. तेथें बसावयास गार खोली आणि प्यावयास कॉफी मिळते, आणि गाडीपेक्षां गाडीच्या मालकाची शुश्रूषा अधिक होते. एका विनयशील तरुणानें गाडी फिरवून आणली; त्या फेरींत गाडीनें अर्थातच तोंडांतून अवाक्षर काढलें नाहीं. पण खालून पाहतां पुढच्या डाव्या लोअर आर्मचें बुश फाटलेलें निघालें. गाडीच्या हमीचीं तीन वर्षें अद्याप पुरीं झालीं नव्हतीं, तें आम्हीं त्यास दाखविलें. तो म्हणाला, “सर, हे वेअर अँड टेअर आहे. रबराचे पार्ट हमीत येत नाहीत. आणि रस्ते कसे आहेत, ते तुम्हांला माहीतच आहे.”

वेअर अँड टेअर म्हणजे झीज. बिलावर तो शब्द पाहून आम्हांस मनापासून वाईट वाटलें. देवळाची पायरी झिजते, सहाणेवर चंदन झिजतें, वहाणेची टाच झिजते. झिजणाऱ्या वस्तूनें कोणाच्या तरी उपयोगीं पडून आपला काळ पुरा केलेला असतो. आमच्या गाडीचें बुश झिजलें नव्हतें, तें फाटलें होतें. नवीन धोतर पहिल्याच धुण्यांत फाटलें, तर परीट त्यास झीज म्हणत नाहीं; म्हणालाच, तर आपण ऐकून घेत नाहीं. तेथें मात्र आम्हीं ऐकून घेतलें आणि पैसे भरले.

मोटारीच्या या भागाविषयीं आमचें अज्ञान किती गाढ होतें, तें पुढें समजलें. ज्यास सर्व लोक शॉकॲब्सॉर्बर म्हणतात आणि मराठी पुस्तकें धक्काशोषक म्हणतात, तो वस्तुतः धक्का शोषीतच नाहीं. धक्का घेते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यांतून उसळलें कीं ती दबते, आणि दबतांना घेतलेलें सर्व सावकाराच्या ऋणासारखें परत करूं पाहते. तिला एकटीला सोडलें, तर एका खड्ड्यानंतर गाडी पुढें कितीतरी अंतर नावेसारखी डोलत राहील. तें डोलणें थांबविणें हें त्या तेलाच्या नळकांड्याचें काम. आंतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून रेटतो, तेल तापतें, आणि खड्ड्यानें दिलेला हिसका अखेर ऊष्णतेच्या रूपानें वाऱ्यावर जातो. मोटारीचा सांगाडा सेकंदास एक ते दीड वेळां झुलेल अशा बेतानें या स्प्रिंगा केलेल्या असतात. त्याहून जलद झुलला तर हाडें खिळखिळतात. आणि या सर्व हालचालींत चाकास जागेवर धरून ठेवणारा जो लोखंडी हात, त्याच्या सांध्यांत लोखंडावर लोखंड घासूं नये म्हणून बसविलेलें रबर तें बुश. माणसाच्या गुडघ्यांत कूर्चा असते, तीच ही.

स्प्रिंग आणि तेलाचें नळकांडें एकाच खांबांत गोंवण्याची जी रचना आज बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांस असते, तिला मॅकफर्सन या अमेरिकन यंत्रज्ञाचें नांव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानें जनरल मोटर्ससाठीं एक स्वस्त मोटार आंखली होती. ती बाजारांत आलीच नाहीं. तो फोर्डकडे गेला आणि १९५० सालच्या इंग्लंडांतील फोर्ड गाड्यांतून ही रचना लोकांपुढें आली. तींत भाग थोडे, वजन थोडें, खर्च थोडा. आपल्याकडच्या जुन्या अँबॅसडरला मागें पोलादी पाटे असत. एकावर एक रचलेले ते पाटे परस्परांवर घासत आणि त्या घर्षणांतच थोडाफार धक्का जिरवीत. बसावयास ती गाडी फार मऊ होती असें नाहीं, परंतु पाटा तुटलाच तर हमरस्त्यावरच्या एखाद्या लोहारासही तो कळत असे. २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तिच्यासाठीं गळा काढणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. तिच्यांतून उतरल्यावर कंबर सरळ करावयास किती वेळ लागे, हें आम्हांस स्मरतें.

रस्त्याचा दोष नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. आमच्या घरापासून महामार्गापर्यंत अकरा गतिरोधक आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणें गतिरोधकाची पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा अंश असावी, रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असावी; म्हणजे ताशीं २५ किलोमीटरनें जाणारी मोटार त्यावरून अलगद उतरते. आमच्या अकरांपैकीं नऊ गतिरोधकांस हा नियम कोणीं वाचून दाखविलेला दिसत नाहीं. कोणाचें मूल रस्त्यावर खेळतें, कोणाचें दुकान वळणावर आहे; उरलेलें डांबर रात्रीं दारापुढें ओतलें कीं सकाळीं गतिरोधक तयार. मुलाची काळजी खरी आहे, म्हणून आम्ही रागावत नाहीं. पण मातोश्रींचा मणकाही खरा आहे.

खड्ड्यांची कथा याहून निराळी. अमेरिकेंत इलिनॉय राज्यांतील ऑटावा गांवाजवळ १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर मालमोटारी फिरविण्यांत आल्या. त्यांतून असें निघालें कीं, आंसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानि दुप्पट होत नाहीं, ती सुमारें सोळापट होते. आमची भरलेली गाडी एका आंसावर फार तर पाऊण टन टाकते. रस्त्याच्या दृष्टीनें ती माशी आहे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें मालमोटारीच्या चार टायरांच्या एकेरी आंसास १०.२ टनांऐवजीं ११.५ टनांची मुभा दिली. वाढ आठव्या हिश्श्याइतकीच दिसते. परंतु वरील हिशेबानें रस्त्यास पोंचणारी इजा दीडपटीहून अधिक होते. मालमोटारीच्या जाड पाट्यांस त्या खड्ड्यांचें सोयरसुतक नसतें. रस्ता हत्ती फोडतात आणि पाय माशीचे मोडतात.

असो. नवें बुश बसलें, आवाज गेला, आणि आम्हीं रेडिओ पूर्ववत् हळू केला. तों २०२३ च्या फेब्रुवारींत, अवघ्या सात हजार किलोमीटरनंतर, त्याच चाकाकडून तोच ‘टक्’. पुण्याहून परततांना खंबाटकीच्या अलीकडे मातोश्री एकदम म्हणाल्या, “अरे, गाडी बाजूला घे जरा.” त्यांचे ओठ पांढरे पडले होते. वीस मिनिटें आम्ही रस्त्याकडेला उभे होतों. पाणी प्याल्यावर त्यांना बरें वाटलें, आणि आमचे चेहरे पाहून त्याच आमची समजूत घालूं लागल्या. लग्न होऊन त्या सासरीं आल्या त्या बैलगाडींतून. गाडीला स्प्रिंग कसली, पण आंत वीतभर पेंढा पसरून वर घोंगडें अंथरलें होतें. “धक्के बसलेच,” त्या म्हणाल्या, “पण पेंढा कधी ‘टक्’ म्हणाला नाही. तुझ्या गाडीत पेंढा घाल.”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं गाडी गार खोलींत न नेतां एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांच्या गॅरेजांत लिफ्ट नाहीं. जमिनींत खणलेला लांबट खड्डा आहे, त्यावर गाडी उभी करून ते खालीं उतरतात. (खड्ड्यानें मोडलेली गाडी खड्ड्यावरच उभी करून बरी करण्यांत कांहीं न्याय असावा.) दहा मिनिटांनीं त्यांचा खालून आवाज आला, “साहेब, हा बोल्ट हवेत आवळलाय.”

त्यांनीं समजावून दिलें तें असें. बुशाचें रबर आंतल्या नळीस आणि बाहेरच्या कड्यास चिकटलेलें असतें. तें फिरत नाहीं, पिळतें. गाडी लिफ्टवर उचलली कीं चाकें खालीं लोंबतात. त्या स्थितींत बोल्ट घट्ट केला कीं रबराची ती स्वस्थ अवस्था ठरून जाते. मग गाडी जमिनीवर आली कीं रबर पिळलें जातें, आणि दारांत उभ्या असलेल्या गाडींतही पिळलेलेंच राहतें. म्हणून गाडी चारी चाकांवर उभी असतांनाच शेवटचा आवळा द्यावयाचा. “बिचाऱ्याची झोपेतसुद्धा मान वाकडी,” मिस्त्री म्हणाले, “टिकणार किती दिवस?”

आम्हीं विचारलें, इतकी साधी गोष्ट तेथील लोकांस ठाऊक नसेल काय? मिस्त्री हात पुसत म्हणाले, “ठाऊक असणार. पण लिफ्ट खाली घ्यायची, परत वाकून आत शिरायचं, त्याला अर्धा तास जातो. मागे दहा गाड्या उभ्या असतात.”

हें ऐकून आम्ही गप्प बसलों, त्याचें कारण मिस्त्रींस ठाऊक नव्हतें. पहिल्या दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशीं पुण्यास जावयाचें होतें, आणि त्या दुपारीं आम्हीं स्वतः दुरुस्ती-केंद्रास तीनदां दूरध्वनि करून, गाडी संध्याकाळपर्यंत मिळालीच पाहिजे, असें निक्षून सांगितलें होतें. तो अर्धा तास कोणीं खाल्ला, याचा हिशेब करूं लागलों तर थोडा घांस आमच्याही ताटांत सांपडतो. आणि मूळचें, कारखान्यांतून आलेलें बुश ३१,००० वर कां फाटलें, याचा उलगडा तर मिस्त्रींच्या खुलाशानेंही होत नाहीं. रबर हलकें असेल; रस्ते तर होतेच. शिवाय २०२२ च्या मे महिन्यांत पांच माणसें, त्यांच्या बॅगा आणि आंब्याच्या सहा पेट्या घालून आम्हीं ती रत्नागिरीहून कुंभार्ली घाटानें वर आणली होती, ही गोष्ट आम्हीं त्या विनयशील तरुणास सांगितली नव्हती.

तरीही आम्हीं कंपनीस सविस्तर पत्र लिहिलें. बोल्टाची हकीकत लिहिली, आंब्याच्या पेट्यांचीही लिहिली. उत्तर आठ दिवसांत आलें. तें नम्र होतें, आणि त्यांत झीज हा शब्द दोनदां आला होता.

मिस्त्रींनीं बसविलेल्या बुशांवर गाडी आतां २६,००० किलोमीटर धांवली आहे. आवाज नाहीं. मातोश्री हल्लीं पुढच्या आसनावर बसतात, कारण मागच्या चाकांवर बसण्यापेक्षां तेथें हिसका कमी लागतो. पाठीशीं एक छोटी उशी असते, तिला घरांत सर्वजण पेंढा म्हणतात. पुण्यास निघालों कीं पहिल्या गतिरोधकापाशीं आम्ही गाडी हळू करितों. आम्हीं ब्रेकवर पाय ठेवण्याच्या आधींच त्यांचा उजवा हात उशीवर आणि डावा हात दारावरच्या कडीकडे गेलेला असतो, आणि अकरावा गतिरोधक मागें पडेपर्यंत तो खालीं येत नाहीं.