रिंगणातला घोडा

इंदापूरच्या आमच्या घरी व्हीएचएसची एक कॅसेट होती. १९९६ च्या आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून पुढे निघाली, तेव्हा बेलवाडीच्या रिंगणाचे चित्रण माझ्या मामेभावाने केले होते. त्यात वडील पताका घेऊन धावतात; सारे मिळून वीसेक सेकंद. वडिलांचे हलते चित्र आमच्याजवळ एवढेच. बाकीच्या छायाचित्रांत ते ताठ बसलेले आहेत.

गेल्या वर्षी फितीवर बुरशी दिसली, म्हणून बारामतीतील एका दुकानातून तिची डिजिटल फाईल करून आणली. संगणकावर पाहतो तो उभी माणसे स्वच्छ; मात्र धावणाऱ्यांच्या कडांना फणीसारखे दाते. घोड्याचे पाय तर फाटल्यासारखे. आई म्हणाली, "अरे, ह्यांचं तोंड असं विसकटलंय कशानं?"

मी बुरशीला दोष दिला, तो चुकीचा होता. आपल्याकडील 'पाल' पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते. आधी एकाआड एक ओळी, मग एक-पन्नासांश सेकंदाने उरलेल्या. मिळून दृश्य ओळी ५७६. जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचावर हे हप्ते एकामागून एक उमटत आणि डोळा त्यांना सांधून घेई. संगणक दोन्ही एकदम मांडतो. सेकंदाला दहा मीटर धावणारा घोडा तेवढ्या अवधीत वीस सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो!

भाच्याने फाईल तपासली. "मामा, दुकानात चित्राची उंची कमी केलीय. ओळी एकमेकींत मिसळल्या. आता त्या वेगळ्या व्हायच्या नाहीत." पुन्हा फितीकडे जाणे आले. ती जाणकाराकडून साफ करवली आणि जीव मुठीत धरून एकदाच चालवली. या वेळी ५७६ ओळी जशाच्या तशा उतरवल्या.

मग प्रत्येक हप्त्याचे स्वतंत्र पूर्ण चित्र केले; सेकंदाला ५०. पहिल्या प्रयत्नात घोडा पुढे जाऊन मागे हिसके देऊ लागला, कारण कोणता हप्ता आधीचा हे आम्ही उलटे सांगितले होते. क्रम बदलताच तो सरळ धावला.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. गाळलेल्या ओळी संगणक शेजारच्या ओळींवरून अनुमानाने भरतो. हस्तलिखितात गळालेली अक्षरे संपादक भरतो, पण ती कंसात ठेवतो. इथे कंस नाही. वडिलांच्या चेहऱ्याच्या निम्म्या ओळी अनुमानाच्या आहेत. म्हणून मूळ, दातेरी फाईल मी निराळी जपून ठेवली आहे.

आईला हे काही सांगितले नाही. तिने ते वीस सेकंद तीनदा पाहिले.

"बाही उसवलीय काखेत," ती म्हणाली. "मला सांगितलंच नाही त्यांनी."

मला ती उसवण अजूनही दिसलेली नाही.