वाऱ्याचं बेट आणि छाटणीचं वेळापत्रक

सुट्टीचं प्लॅनिंग म्हणजे आम्हा आयटीवाल्यांसाठी अजून एक प्रोजेक्टच. एक्सेल शीट, तीन रंग, बजेटचा वेगळा टॅब वगैरे. यंदा मात्र सगळं शीट एकाच गोष्टीवर अडलंय. द्राक्षबाग!

त्याचं असं आहे, की आई आणि अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे जर्मनीत येतायत. आईचं एकच मागणं, "मला समुद्र दाखव." अण्णांचं मागणं नाही, अट आहे. तीन आठवड्यांच्या वर एक दिवस नाही. तासगावकडची आमची बाग. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, जानेवारीपासून माल. बाग लावल्यापासून अण्णा सलग चार दिवस कुठे गेलेले मला तरी आठवत नाहीत. म्हणजे ही सुट्टी पुन्हा जमेल याची काही खात्री नाही.

बरीच शोधाशोध करून मी आणि बायकोने बेट नक्की केलं, लान्झारोते. कॅनरी बेटांपैकी एक. आहे स्पेनचं, पण नकाशात बघाल तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. शेंगेनमध्ये असल्यामुळे त्या दोघांचा जर्मनीचा व्हिसा चालतो. पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे उन्हाची चिंता नाही.

चिंता वाऱ्याची. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, सगळ्यात जोरात असतात. वायव्येला फामाराचा लांबलचक किनारा आहे. मागे उंच कडा, समोर लाटा. सर्फिंगवाल्यांचा स्वर्ग आणि नऊवारीची कसोटी :) शहाणा माणूस ऑक्टोबरात जाईल. पण ऑक्टोबरात छाटणी!

अशा वेळी वाचता वाचता ला हेरिया सापडलं आणि शीटचा रंगच बदलला.

१ सप्टेंबर १७३० ला या बेटावर जमीन फाटली आणि १७३६ पर्यंत ज्वालामुखी धुमसत राहिले. बेटाचा जवळजवळ पाव भाग लाव्हा आणि राखेखाली गेला, आणि त्यात चांगली पिकाऊ जमीनही गेली. लोकांनी मग काय करावं? त्या काळ्या, खडेदार राखेत खड्डे खणले, कुठे कुठे तर पुरुषभर खोल, खालच्या जुन्या मातीपर्यंत. बहुतेक खड्ड्यांत एकच वेल. वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत. ही राख रात्रीचा ओलावा धरते आणि दिवसा खालच्या मातीतलं पाणी उडू देत नाही. आजही तिथे अशीच द्राक्षं होतात, आणि तोडणी साधारण जुलैअखेर सुरू होते.

फोनवर सांगितलं तर अण्णा आधी गप्पच.

"ठिबक नाय?"

"नाही."

"टँकर?"

"नाही अण्णा."

"एका खड्ड्यात एक येल? मग एकरी काय निघतंय?"

"फारच कमी."

"...तरी लावत्यात?"

टँकरने पाणी घालून बाग जगवलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. मग मी सांगितलं, की आपली काळी रानंसुद्धा लाव्ह्याचीच, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुनी. तर म्हणाले, "म्हंजे भावकीच की." असो, ऑगस्टचा पहिला आठवडा ठरला. वारा तर वारा.

आता पाच दिवसांचा प्लॅन. नियम एकच. सकाळी एक ठरलेली गोष्ट, दुपार वाऱ्यावर सोडायची. तिमानफाया नॅशनल पार्कमध्ये बसमधूनच ज्वालामुखी फिरवतात, गुडघ्यांना त्रास नाही. तिथे जमिनीतल्या भोकात पाणी ओततात आणि दुसऱ्या क्षणी वाफेचा फवारा उसळतो. शेजारच्या हॉटेलात जमिनीच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. सेसार मान्रिके (१९१९-१९९२) या तिथल्याच चित्रकाराने उंच इमारती आणि जाहिरातींच्या फलकांविरुद्ध जन्मभर भांडण केलं, म्हणून गावं अजून बुटकी आणि पांढरी आहेत. त्याने कड्यावर बांधलेलं मिरादोर देल रिओ एका सकाळी. ला हेरियाला अख्खा दिवस, घड्याळ न बघता.

आईचा समुद्र दक्षिणेला. पापागायोच्या खाड्या वाऱ्यापासून आडोशाला आहेत, पण खाली उतरायची वाट तिच्या गुडघ्यांना जड जाईल. म्हणून मुक्काम प्लाया ब्लांकाला, किनारा गावातच. फामारा गाडीतून दाखवायचा. जेवणाचंही जमेल. मिठाच्या पाण्यात सालासकट उकडलेले छोटे बटाटे आणि सोबत लसूण-मिरचीचा मोहो. आईला म्हटलं, ठेचाच समज.

काल तिकिटं काढली. रात्री अण्णांचा मेसेज आला, "छाटणीची कात्री इमानात चालती का?"

चेक-इन बॅगेत चालते, असं कळवलंय. तिथे जाऊन नक्की काय करणार आहेत, हे मी विचारलेलं नाही :)