लाल चौकोन

अकाउंट्सचा पेपर कॉम्प्युटरवर होणार अशी नोटीस लागली तेव्हा मला वाटलं, प्रश्न पडद्यावर दिसतील आणि उत्तरं नेहमीसारखी पुरवण्या जोडून लिहायची. हसू नका. बारावीला आयटी घेतलेल्या मुलींनी असा ऑनलाइन पेपर दिलेला होता. मी गणित घेतलं होतं.

एफवायला आम्ही चारशेच्या वर. लॅबमध्ये मशीन साठ, त्यांतली चालू किती ते सरांनाच ठाऊक. म्हणून दोन दिवस बॅचेस. माझी पहिलीच, सकाळी साडेआठची.

पडद्याच्या उजवीकडे प्रश्नांच्या आकड्यांचे चौकोन. न उघडलेला राखाडी, सोडवलेला हिरवा, बघून सोडलेला लाल, पुन्हा बघायचा जांभळा. सूचना तीन पानं. कोण वाचतं? ‘वाचल्या’वर टिक केलं आणि सुरू.

सातवा प्रश्न घसाऱ्याचा. एक लाखाचं यंत्र, 10 टक्के, डब्ल्यूडीव्हीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा धरून, तीन वर्षांनी किंमत किती? रफ कागदावर रीतसर मांडलं: 90,000, 81,000, 72,900. पर्यायांत 70,000 पण होता, एसएलएमच्या, म्हणजे दरवर्षी सारखीच रक्कम वजा करायच्या, सवयीने हिशेब करणाऱ्यांसाठी लावलेला सापळा. मी 72,900 वर क्लिक केलं आणि उजवीकडचा आठ नंबर दाबला. मग नऊ, मग दहा. ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ खाली होतं की. पण पुढचा आकडा समोर असताना तिथवर कशाला जायचं?

सहा मिनिटं उरली तेव्हा पाहिलं, उजवीकडे लालच लाल.

“मॅडम, उत्तरं दिलीत तरी लाल?”

मॅडम वाकल्या. “अगं, सेव्हच नाही केलंस. नुसता नंबर दाबला की उत्तर जातं.”

कुठे जातं, हे विचारायला वेळ नव्हता. रफ कागदावरची उत्तरं भराभर पुन्हा भरत सुटले. शेवटचे नऊ प्रश्न राहिले आणि पडदा आपोआप बंद.

बाहेर कट्ट्यावर एकजण भलताच खूश. त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही. माझी मैत्रीण मात्र धुमसत होती: “बोर्डात उत्तर चुकलं तरी स्टेप्सचे मार्क पडायचे. इथे काय?” मी तिच्याच बाजूची. दुपारच्या बॅचने आमच्याकडून घसाऱ्याचं गणित पाठ करून नेलं, तर त्यांना यंत्र दोन लाखांचं आणि दर 15 टक्के!

माझी रूममेट इंजिनिअरिंगची. ती म्हणाली, सीईटी 2019 पासून कॉम्प्युटरवर आहे, प्रत्येक सत्राला पेपर वेगळा. म्हणून तिथे पर्सेंटाइल काढतात. आपल्या सत्रातल्या किती टक्के मुलांना आपल्याइतके किंवा कमी मार्क पडले, ते. आमच्याकडे तसलं काही नाही. ज्याच्या वाट्याला सोपा सेट, त्याची दिवाळी.

दुसऱ्या दिवशी लॅबवरून जाताना दाराशी रद्दीचं खोकं दिसलं, आमच्या रफ कागदांनी भरलेलं. वरच्या थरात माझा कागद लगेच ओळखू आला. 72,900 खाली मी सवयीने दुहेरी रेघ मारली होती, पट्टी लावून.