ड्रम-संचाची मांडणी

ड्रम-संच मांडतांना बहुतेक विद्यार्थी प्रथम मोठा बेस ड्रम ठेवितात; मी स्टूल ठेवावयास सांगतों. वादक स्वस्थ बसला, म्हणजे उजव्या पायापुढें बेस ड्रम, गुडघ्यांमध्यें तळाशीं तारा असलेला स्नेअर व डाव्या पायापाशीं हाय-हॅट, अशा जागा आपोआप ठरतात. नंतर टॉम, आणि शेवटीं हात सहज पोहोंचेल तेथें झांजा. १९०९ सालीं विल्यम लुडविग यांच्या पेडलास पेटंट मिळालें. अशा पेडलांमुळें दोघांचें काम एकटा वादक करूं लागला. मग त्या एकट्याची सोय प्रथम पाहावयास नको काय? आमचा एक डावखुरा विद्यार्थी वादनच सोडूं पाहत होता. त्याच्यासाठीं सारा संच उलट बाजूनें मांडला, आणि त्याचा ताल जुळला. विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याची मांडणी उचलण्यापूर्वीं स्वतः नीट बसून पाहा.