जामीन मिळाला, जामीनदार मिळेना

देशातील कारागृहांची आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग वर्षावर्षाने प्रसिद्ध करतो. सरकारी अहवाल वाचण्याची आम्हा नोकरदारांना खोड असते, म्हणून तोही मी चाळतो. ३१ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी. यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध व्हायचा होता. चारांतले तीन असे. राजधानीचे चित्र याहून गडद आहे. तिहार, रोहिणी आणि मंडोली मिळून शंभर माणसांच्या जागेत १८४ माणसे त्या दिवशी कोंडलेली होती, आणि त्यांत दहांपैकी नऊच्या आसपास कच्चे.

अमेरिकेतील स्वातंत्र्यवादी विचारवंत आपल्या देशातील अवाढव्य तुरुंगव्यवस्थेवर जी टीका करतात, ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तेथे लाखामागे पाचशेहून अधिक माणसे गजाआड आहेत. आपल्याकडे हे प्रमाण चाळिसाच्या आसपास आहे. पण त्या टीकेचा गाभा मला पटतो : शासनाच्या हाती जेवढे अधिकार असतात, त्यांत माणसाला कोंडण्याचा अधिकार सर्वांत जड, आणि म्हणून तो वापरण्यापूर्वी सिद्धतेचा भार शासनावरच सर्वाधिक असला पाहिजे. आपल्याकडील उदारमतवादी मंडळी परवाना-राजवर भरभरून बोलतात. दुकान उघडायला परवाना कशाला, शेतमालावर बंदी कशाला, हे शरद जोशींनी महाराष्ट्राला खणखणीत विचारले. मात्र स्वतःच्या घरी झोपायलाही एखाद्याला परवाना लागतो, आणि तो न मिळाल्यास तो तुरुंगात राहतो, याविषयी या वर्तुळात मी फारशी चर्चा ऐकलेली नाही. त्या परवान्याचे नाव जामीनदार.

परमुलखात राहणाऱ्या वाचकांना गलाईवाले ठाऊक असतीलच. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील माणसे सोने-चांदी आटवण्याचे कसब घेऊन भारतभर पसरली. दिल्लीतही करोलबाग, चांदनी चौक या भागांत त्यांच्या लहानशा खोल्या आहेत. भट्टी, मुशी, तेजाबाचा वास, आणि माळ्यावर झोपणारी तीन-चार पोरे. या धंद्यातील जोखीम अशी, की गिऱ्हाइकाने आणलेली साखळी आटवून लगड करून दिली आणि पुढे ते गिऱ्हाईक चोर निघाले, तर पोलीस आधी भट्टीवर येतात. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ४११, चोरीचा माल जाणूनबुजून स्वीकारणे; शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द खटल्यात सिद्ध करायचा असतो. अटक त्याच्या आधी होते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रकरणात खानापूर तालुक्यातील एका तरुणाला अटक झाली. त्याचे चुलते आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. जामीन मंजूर झाला होता. रक्कम वीस हजार, एक स्थानिक जामीनदार. मी म्हटले, मग अडचण काय?

“साहेब, पैसं हायती. माणूस न्हाय. विट्याला आमचं दोन मजली घर हाय, सातबारा आणलाय, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणलाय. वकील म्हणतो, हितं ह्ये चालत न्हाय.”

असे दाखले मी स्वतः शेकड्यांनी सही करून दिले आहेत. महाराष्ट्राच्या राजमुद्रेचा तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला. दिल्लीच्या कनिष्ठ न्यायालयात त्याची पडताळणी करायची तर कागद विट्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन परत यायला हवा, आणि तोवर मुलगा आतच. त्याच आवारात दोन-तीन हजारांत जामीनदार ‘उभा करून’ देणारे लोक चुलत्यांना भेटले होते. नियम पुरता येत नाही तेथे त्याचा बाजार मांडला जातो, हे परवान्यांच्या बाबतीत आपण पाहिलेलेच आहे. चुलत्यांनी ते नाकारले, कारण एका खोट्या आरोपातून सुटण्यासाठी खरा गुन्हा करायचा, हे त्यांना पटेना. आरोपीला ओळखणारा आणि दिल्लीत मालकीचे घर असलेला एक मराठी सराफ अखेर तयार झाला. जामिनाचा आदेश झाल्यापासून तो मुलगा बाहेर येईपर्यंत एकोणीस दिवस गेले. ते एकोणीस दिवस कोणत्या कलमाखाली मोजायचे?

मी प्रांत असताना माझ्या टेबलावर चॅप्टर केसेस येत. कलम १०७, १५१. सणासुदीला, निवडणुकीला तर गठ्ठ्यांनी. या माणसाने काही केलेले नसते. तो काही करील अशी पोलिसांना भीती असते. शांतता राखण्याचे बंधपत्र द्यायचे, सोबत जामीनदार आणायचा. शक्य तेथे मी जातमुचलक्यावर सोडत असे. पण जामीनदाराअभावी अडकून पडणाऱ्यांत गावचा पुढारी मी कधी पाहिला नाही. असे ऊसतोडीच्या टोळीतला, पालावरचा, परजिल्ह्यातून आलेला मजूर. तो अधिक धोकादायक असतो म्हणून नव्हे. त्याला त्या गावात कोणी ओळखत नाही म्हणून.

प्रशासनाच्या आतून पाहिले, तर हे का टिकते याचे उत्तर फार साधे आहे. सोडलेल्या माणसाने उद्या काही केले, तर सोडणाऱ्याला खुलासा मागितला जातो. ठेवलेला माणूस तीन वर्षांनी निर्दोष सुटला, तर ठेवणाऱ्याला कोणी पत्रही पाठवत नाही. एका बाजूला जोखीम, दुसऱ्या बाजूला शून्य. त्यात अटक करणारे खाते एक, कोठडी देणारी यंत्रणा दुसरी, आणि जेवण घालणारे खाते तिसरे. ज्याच्या सहीने माणूस आत जातो, त्याच्या अंदाजपत्रकातून एक रुपयाही जात नाही. दुसऱ्याच्या खर्चाने विकत घेतलेली सुरक्षितता सर्वांनाच स्वस्त वाटते. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याची मला गरज वाटत नाही.

हे कोणाच्या लक्षात आले नाही असेही नव्हे. कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी खुस्रो रुस्तमजी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य असताना बिहारच्या तुरुंगांत गेले आणि तेथील कच्च्या कैद्यांविषयी १९७९ च्या जानेवारीत त्यांनी वृत्तपत्रात लिहिले. त्यावरून कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तीच हुसैनआरा खातून खटला म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९७८ मध्ये, मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण याच न्यायालयापुढे आले होते. दहा हजारांचा जामीन मागितलेला, आणि भाऊ जामीनदार राहायला तयार असता, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारलेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले आणि परक्या मुलखातल्या माणसाने जामीनदार कोठून आणायचा, हा प्रश्न देशापुढे मांडला.

त्यानंतर ४५ वर्षांनी, २०२३ मध्ये, केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या जामिनाची रक्कम भरण्यासाठी योजना आणली. हेतू चांगला आहे. ज्यांची सुटका केवळ पैशावाचून अडली आहे त्यांना तिचा लाभ मिळावाच. तरी ती वाचताना मला हसू आवरले नाही. शासनाने माणसाला धरायचे, त्याच्या सुटकेची किंमत ठरवायची, ती त्याला परवडत नाही असे आढळले की स्वतःच्याच तिजोरीतून ती भरायची. किंमतच कशाला, असे या फायलीवर कोणी टिपणी लिहिली असेल काय, कोण जाणे. विट्याच्या त्या कुटुंबाला तर पैशाची गरजच नव्हती.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने काही निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकामार्फत बंदीला ई-मेलने पोचवावी, हा त्यांतला पहिला. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा न्यायालयांनी अशी अट घालू नये, हे शेवटच्या क्रमांकावर, आणि तेही सूचनेच्या स्वरात.

चुलते अधूनमधून फोन करतात. त्यांच्या आसपासच्या काही गलाईवाल्यांनी मिळून एका वहीत दिल्लीत स्वतःच्या नावावर घर असलेल्या ओळखीच्या मराठी माणसांची यादी केली आहे, गरज पडली तर म्हणून. मागे विचारले तेव्हा तिच्यात सात नावे होती.